ऑक्सब्रिजला जायचंय? आधी कण्यांचा भात लपवा

परवा, तेतचा म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण आठवड्यावर आलेला असताना, एका शिक्षण-सल्लागाराचा मेसेज आला. मला नव्हे, यंदा ऑक्सब्रिजने (म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिज या जोडगोळीने) नाकारलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईला. मुलीने तो मला पुढे पाठवला. 'नकार म्हणजे शेवट नव्हे, नवी सुरुवात' असं वर लिहिलेलं, मग गुलाबाचं फूल, मग पुढच्या वर्षीच्या 'खास तयारी'चे दर, आणि सगळ्यात खाली यंदाच्या राहिलेल्या हप्त्यासाठी क्यूआर कोड.

तो वाचल्यापासून मला समाजसेवेची उबळ आली आहे. मी मूळची मिरजेची, आठ वर्षं सायगॉनमध्ये गणित शिकवते. (सरकारी नाव हो चि मिन्ह सिटी. पण आपण तरी व्हीटी म्हणायचं कुठे सोडलंय?) इथे शिक्षिकेला पोरं 'को' म्हणतात. त्या शब्दाचा घरातला अर्थ आत्या. पुण्यात सख्खा भाचाही आहे आणि त्याची आई सहा महिने 'ताई, तुम्ही तिकडच्या शाळेत, त्याला जरा टिप्स द्या ना' म्हणून मागे लागलीय. तेव्हा दोन्हीकडच्या भाचरांसाठी आत्याचे हे चार शब्द. लिहिलेत व्हिएतनामी पोरांसाठी. पुणेकरांना समजावून सांगितलेलं आवडत नाही, त्यांनी आपलं आपण समजून घ्यावं.

सूचना पहिली: जन्म नीट घ्या. व्हिएतनामच्या बारावीचा दाखला ऑक्सफर्ड-केंब्रिजला एकटा पुरत नाही, ए-लेव्हल (ब्रिटिश बारावी) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय बारावी) लागतं. ते जिथे शिकवतात तिथल्या वर्षाच्या फीमध्ये एखाद्या शिक्षकाचं घर दोनतीन वर्षं चालेल. म्हणजे हुशार असण्याआधी श्रीमंत असायचं, हा क्रम चुकवू नका. गणितज्ञ न्गो बाओ चाऊ हनोईत शिकला, १९८८ च्या गणित ऑलिंपियाडमध्ये ४२ पैकी ४२ मिळवून आला, २०१० साली त्याला फील्ड्स पदक, म्हणजे गणितातलं नोबेलच, मिळालं. तो पुढच्या शिक्षणाला पॅरिसला गेला. सुज्ञ माणूस.

सूचना दुसरी: आडनाव बदला. माझ्या या मुलीचं नाव मी सांगणार नाही, आडनाव मात्र बेधडक सांगते, न्गुयेन. शोधा आता. या देशात दहांतली तीन-चार माणसं न्गुयेन आहेत. आडनाव आधी, स्वतःचं नाव शेवटी, आणि हाक मारायची ती शेवटच्या नावाने. ब्रिटिश फॉर्मला हे पटत नाही. पासपोर्टवर एक क्रम, परीक्षेच्या प्रमाणपत्रावर दुसरा, अर्जावर तिसरा. तीन कागद जुळवता जुळवता पोरगी स्वतःची तीन भावंडं होऊन बसली होती.

सूचना तिसरी: इंग्रजी येत असलं तरी ते येतं याचा दाखला काढा. आयईएलटीएसची फी सेहेचाळीस लाख डोंगांच्या वर. दचकू नका, रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात. दाखला दोन वर्षांत शिळा होतो, कारण इंग्रजी हे दुधासारखं आहे.

चौथी: शक्य असेल तर अर्ज करूच नका, कॉलेज विकत घ्या. ही थट्टा नाही. २०२१ साली व्हिएतजेट विमान कंपनीच्या मालकीणबाई न्गुयेन थी फुओंग थाओ (पाहा, पुन्हा न्गुयेन) यांच्या उद्योगसमूहाने ऑक्सफर्डच्या लिनाकर कॉलेजला साडेपंधरा कोटी पौंड देण्याचा करार केला, आणि कॉलेजनेही आपलं नाव बदलून थाओ कॉलेज करायची तयारी दाखवली. मुंबईहून स्वस्तात सायगॉनला येणाऱ्या मंडळींनो, ती तुमचीच विमान कंपनी. सामानाला वेगळे पैसे घेतात ना, तीच. बिचारा थॉमस लिनाकर. आठव्या हेन्रीचा राजवैद्य, नाडी बघत आयुष्य गेलं, त्याच्या नावाचा भाव ठरला तोही पाचशे वर्षांनी. पुढे ते पैसे अडले आणि नाव काही बदललं नाही. पण दार कोणत्या चावीने वाजतं ते सगळ्या न्गुयेनांना कळलं.

हो चि मिन्हचं उदाहरण मात्र देऊ नका. तो १९१३ च्या सुमारास लंडनच्या कार्लटन हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होता, हेमार्केटमध्ये त्या जागेवर आज त्याच्या नावाची पाटी आहे. त्याच्याकडे ना आयईएलटीएस होतं ना सल्लागार. तेव्हा परवडायचं ते.

आता पाचवी सूचना, ती सगळ्यात महत्त्वाची: निवेदन. अर्जात 'मला हा विषय का शिकायचाय' ते लिहायचं असतं. पूर्वी एकसंध निबंध असायचा, आता तीन प्रश्नांची उत्तरं, सगळी मिळून ४००० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. ते स्वतः लिहू नका. चुकूनही नको. सल्लागाराकडून लिहून घ्या.

माझ्या मुलीने चूक केली, स्वतः लिहिलं. तिच्या आईचा सायगॉनच्या बिन्ह थान्ह भागात गल्लीच्या तोंडाशी कॉम तामचा गाडा आहे. कॉम ताम म्हणजे कण्यांचा भात. गिरणीत तांदूळ फुटून कण्या उरतात, त्या एके काळी गरिबांनी खायच्या. आता सगळं सायगॉन खातं, वर कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि खारवलेल्या माशांचं मिरची घातलेलं पाणी घालून. आपल्याकडे ताकातल्या कण्या खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तर या गल्लीत भरतीचं पाणी चढतं. पाऊस नसताना, कोरड्या आभाळाखाली, नदी गटारातून उलटी वर येते. पाणी आलं की गाडा हलवायचा, गिऱ्हाईक तुटतं. पोरगी दोन वर्षं वहीत नोंदी ठेवत होती. फाटकाच्या कितव्या विटेपर्यंत पाणी आलं, किती वाजता, तिथी कोणती. नदीवरच्या भरतीच्या वेळा छापून येतात त्या शेजारी लिहायची. मग माझ्या वर्गात साइनचा लाटेसारखा आलेख शिकल्यावर तिने तो या नोंदींवर बसवून पाहिला. बसला, पण गल्लीत पाणी नदीपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा चढत होतं. का? पाइप किती जाड, उतार किती, वाटेत किती जागी साचतं? 'मला ही चाळीस मिनिटं समजून घ्यायची आहेत,' असं तिने लिहिलं होतं. वर्गात हजारदा साइन शिकवला असेल मी. असं वाक्य मला कुणी लिहून दाखवलं नव्हतं.

सल्लागाराने ते वाचलं. आधी म्हणाला, छान आहे, जरा रडवूया. म्हणून गाडा ओढणारी आई, फुटके हात, मिणमिणता दिवा. दिवा कुठून आणला कुणास ठाऊक, त्या गल्लीत एलईडीचा नुसता लखलखाट असतो, शिवाय कॅराओके. मग त्याच्या कुणा वरिष्ठाला वाटलं, गरिबी फार झाली, विषय 'फार स्थानिक' आहे. गाडा गेला. भात गेला. नदी गेली. चाळीस मिनिटं गेली. त्या जागी आलं काय? 'लहानपणापासूनच मला अभियांत्रिकीची विलक्षण ओढ आहे.' पुढे मेकाँगच्या खोऱ्यातल्या मुलींना सक्षम करणारी एक संस्था, जिची संस्थापक माझी विद्यार्थिनी. ती तिथे दोन शनिवार वह्या वाटायला गेली होती, तेही शाळेच्या बसने. आणि पूल कसे कोसळतात यावरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ, जो तिने 'एका बैठकीत वाचून काढला'. तिने त्याचं मुखपृष्ठही पाहिलं नव्हतं.

आणि हे केलं कधी? शेवटच्या रात्री. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनमध्ये संध्याकाळचे सहा, म्हणजे सायगॉनला बरोबर मध्यरात्र. सिंड्रेलाच्या भोपळ्याची वेळ. विद्यार्थ्याने पैसे भरून अर्ज शाळेकडे सोडायचा आणि शाळेने शिफारस जोडून पुढे पाठवायचा, अशी रीत. सव्वाअकराला तिचा अर्ज माझ्यासमोर आला. मी जी शिफारस लिहिली होती ती भरतीचं पाणी मोजणाऱ्या मुलीची होती. अर्ज भलत्याच कुणा समाजसेविकेचा होता. फोन केला तर पोरगी म्हणाली, 'को, ते म्हणाले असंच लागतं. आईने पैसे भरलेत.'

यावर मी काय केलं? बटण दाबलं. वीस मिनिटांत दुसरं काही सुचलं नाही. माझ्या शिफारशीतून घाईघाईने नदी काढली आणि 'मेहनती, जिज्ञासू, नेतृत्वगुण' भरलं. तेव्हा या लेखात मी फार वर बसून बोलतेय असं कुणाला वाटलं तर ते बरोबर नाही.

सहावी: मुलाखत डिसेंबरात, ऑनलाइन. तिथली दुपार चारची वेळ म्हणजे आपले रात्रीचे अकरा. शेजाऱ्यांना आठ दिवस आधी फळं नेऊन द्या, म्हणजे ते कॅराओके साडेदहाला थांबवतील. थांबवत नाहीत.

सातवी: पैसे. असू द्यात.

बरं, सांगतेच. ऑक्सफर्डला परदेशी विद्यार्थ्याची नुसती शिकवणीची फी वर्षाला तीस हजार पौंडांच्या वर. राहणं-खाणं वेगळं. व्हिसाची फी वेगळी. शिवाय तिथल्या दवाखान्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड, तेही सगळ्या वर्षांचे एकदम, आधीच. क्षयरोग नसल्याचं प्रमाणपत्र आणा, ते तुम्हालाही लागतं आणि भाच्यालाही, त्या यादीत आपण दोघे देश शेजारी बसतो. बँकेत पैसे सलग २८ दिवस हलले नाहीत हे दाखवा. गाड्यावर धंदा करणाऱ्या बाईचे पैसे २८ तास तरी न हलता राहतात का? आणि 'चेवनिंग मिळेल की' म्हणणाऱ्या काकांनो, ती ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती पदव्युत्तरला असते. पदवीसाठी पूर्ण खर्चाच्या शिष्यवृत्त्या बोटांवर मोजण्याइतक्या. सल्लागाराने आईला सांगितलं होतं, 'आधी प्रवेश मिळू दे, पैशाचं होतं.' कुणाचं होतं?

मुलाखतीत काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. पहिलाच प्रश्न त्या जाडजूड ग्रंथावर. सहज विचारलेला, मुलीला मोकळं वाटावं म्हणून. ती गप्प बसली. मग म्हणाली, 'मी ते वाचलेलं नाही.' मला सांगताना तिचा चेहरा उजळला होता. 'को, मी खरं सांगितलं.' त्यानंतर त्यांनी गणितं दिली, आणि तिच्या हाताचा कंप काही शेवटपर्यंत गेला नाही.

जानेवारीत नकार आला. ग्रंथामुळेच आला असं मी म्हणत नाही. मुलाखतीला बोलावलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त पोरांना नकारच येतो, त्यात एकाहून एक असतात. गणितं जमली नसतील. पण नाकारली गेली ती कोण? भरती मोजणारी मुलगी तर त्यांना भेटलीच नाही.

सूचना आठवी की नववी, मोजणं सुटलं माझं. थट्टा पुरे.

सल्लागार महाशय, तुम्हाला विषयच कळलेला नाही. समाजसेवा, संस्था, नेतृत्व ही अमेरिकेच्या अर्जांची पोपटपंची तुम्ही ब्रिटनच्या अर्जात कोंबलीत. त्यांना पोरगी आपल्या विषयावर डोकं कसं चालवते तेवढंच पाहायचं असतं. हे त्या दोन्ही विद्यापीठांनी आपल्या संकेतस्थळांवर फुकट लिहून ठेवलंय. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, नमुन्याच्या मुलाखती फुकट आहेत. तुम्ही आईला इंग्रजी येत नाही त्याचे पैसे घेतलेत. एका सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही शिकवलंत की तू जे स्वतः शोधलंस ते दाखवण्यासारखं नाही, आणि जे केलं नाहीस ते दाखव. आणि वर हप्ता मागता? सणाच्या तोंडावर? गुलाबाचं फूल पाठवून?

आणि पुण्याच्या वहिनी, रागावू नका, पण भाच्याचं निवेदन 'थोडं पॉलिश करून' देणारा तो कोथरूडचा माणूस याच जातकुळीतला आहे. तुम्ही पाठवलेला मसुदा मी वाचला. त्यातही ओढ विलक्षण आहे. पोराला दोन वर्षं सायकलींचे गिअर खोलून अंगणभर पसरताना मी स्वतः पाहिलंय, तुम्ही त्यावरून त्याला बडवलंही आहे. मसुद्यात गिअरचा ग नाही. कुणी काढला तो? विचारा त्याला.

राहिली ती वही. भरतीच्या नोंदींची मूळ वही सल्लागाराच्या ऑफिसात आहे, सप्टेंबरमध्ये 'फाइलला लावायला' म्हणून मागून घेतलेली. मुलगी दोनदा जाऊन आली, सापडत नाही म्हणाले. क्यूआर कोड सापडतो, वही सापडत नाही. तेतच्या सुटीत ऑफिस बंद असतं, ठीक आहे. सुटी संपली की पहिल्या दिवशी शोधा. कपाटं उपसा, पण द्या. तेतनंतरच्या पौर्णिमेला गल्लीत पुन्हा पाणी येणार आहे, आणि ती सध्या कॉम तामच्या पार्सलच्या कागदांवर लिहितेय.