गोळी एक, भाव थाळीचा!

आजोबांकडून आलेली, लष्कराच्या मोडीतली रायफल. तिला लागतं थर्टी-ओ-सिक्स नावाचं काडतूस. हे काडतूस आलं १९०६ साली, आणि दुकानदाराचं उत्तर बहुधा तेव्हापासून तेच: "फाल्यां यो, पात्रांव!" म्हणजे उद्या या, साहेब! म्हापशात नाही, मडगावात नाही. एकाकडे मिळालं, तर भाव? एका गोळीत विसवणाची, म्हणजे सुरमईची थाळी, वर सोलकढी! नेम चुकला की जेवण गेलं. कुणी म्हणतं, "थ्री-नॉट-थ्री बघा की!" अहो शहाणे, तो बोअर, म्हणजे नळीचं माप, सामान्यांना बंद आहे! ३१५ बोअरचं काडतूस खडकीला बनतं, स्वस्तही पडतं. पण ते जाडं काडतूस माझ्या नळीत घालू कसं, किसून? आणि निवडणूक आली की म्हणे रायफल ठाण्यात जमा करा. गोळीच नाही, तर शांतताभंग करू कशानं? दस्त्यानं?