क्यूजीआयएससाठी पायथनहोमला हात लावू नका

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माझ्या भाचीच्या भूगोल विभागाच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज माझ्यापर्यंत आलाय: ‘क्यूजीआयएसला पायथनचं पॅकेज सापडत नसेल तर विंडोजमध्ये पायथनहोम आणि पायथनपाथ दोन्ही आपल्या साइट-पॅकेजेस फोल्डरवर सेट करा, ॲडमिन म्हणून सेटएक्सने पाथमध्ये भर घाला, तरी जमलं नाही तर कन्सोलमध्ये ओएस.एन्व्हायरन वापरा.’ (पायथनहोम, पायथनपाथ आणि पाथ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना वाचतात त्या सेटिंग्ज; पायथनपाथ म्हणजे पायथनने मॉड्यूल शोधायचे जादा फोल्डर, पाथ म्हणजे विंडोजने प्रोग्रॅम शोधायचे फोल्डर, आणि साइट-पॅकेजेस म्हणजे टाकलेली पॅकेजेस राहतात तो फोल्डर.) तिने सगळं केलं. पॅकेज सापडलं नाहीच, वर ज्युपिटर (ब्राउझरमध्ये पायथन चालवायचं साधन) बंद पडलं, तेही प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात.

पायथनहोमचा सल्ला निखालस चूक आहे. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघा: पायथनहोम सांगतं ते स्टँडर्ड लायब्ररीचं, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूल्सचं ठिकाण, तुम्ही टाकलेल्या पॅकेजेसचं नव्हे. ते साइट-पॅकेजेसवर सेट केलं की पायथन सुरू होतानाच एन्कोडिंग्ज हे मॉड्यूल भलत्याच जागी शोधतं आणि ‘नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज’ म्हणून तिथेच थांबतं. तुमच्या स्क्रिप्टची एक ओळसुद्धा चालत नाही. हे व्हेरिएबल अख्ख्या विंडोजला लागू होतं, म्हणून ॲनाकोंडा (पायथनचा वेगळा संच) आणि त्यावरचं ज्युपिटर दोन्ही आडवे. क्यूजीआयएस मात्र विंडोजवर सुरू होताना स्वतःचं पायथनहोम स्वतःच ठरवतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्याला काडीचा फरक पडत नाही.

पायथनपाथही दुसऱ्या पायथनकडे वळवू नका. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या फाइलींच्या नावात ‘सीपी312’ असेल तर त्या पायथन 3.12 साठीच बनलेल्या असतात. क्यूजीआयएसमधलं पायथन वेगळ्या आवृत्तीचं असेल तर त्या लोड होणार नाहीत.

सेटएक्सचं, म्हणजे व्हेरिएबल कायमचं साठवणाऱ्या विंडोजच्या कमांडचं, तर विचारूच नका. ते 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापतं, आणि ही मर्यादा मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवली आहे. जुना पाथ त्यात घालून पुन्हा साठवलात की शेपटाकडचे फोल्डर गेले.

ओएस.एन्व्हायरन, म्हणजे पायथनमधूनच ही व्हेरिएबल्स बदलायची सोय? त्यातला बदल क्यूजीआयएस बंद होईपर्यंतच टिकतो. शिवाय मॉड्यूल शोधायची यादी पायथन सुरू होतानाच तयार झालेली असते, त्यामुळे तिथे पायथनपाथ बदलून उपयोग नाही.

एक गोष्ट खरी, ती मान्य करतो: क्यूजीआयएसचं पायथन वेगळं असतं, दुसरीकडे पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायच्या साधनाने) टाकलेलं त्याला दिसत नाही. पण मग त्याच्याच पायथनमध्ये टाका ना! ओएसजिओफोरडब्ल्यू शेल, म्हणजे क्यूजीआयएससोबत येणारी कमांडची खिडकी उघडून तिथून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ चालवा. स्वतःच्या स्क्रिप्टचा फोल्डर जोडायचा असेल तर युजर प्रोफाइलमधल्या पायथन फोल्डरात स्टार्टअप.पीवाय (क्यूजीआयएस सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) ठेवा आणि त्यात सिस.पाथ.अपेंड (मॉड्यूल शोधायच्या यादीत फोल्डर जोडणारी आज्ञा) लिहा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल खरोखरच लागत असेल, तर सेटिंग्ज, ऑप्शन्स, सिस्टिम इथे एन्व्हायर्नमेंटचा भाग आहे. तिथे केलेला बदल फक्त क्यूजीआयएसपुरता राहतो, रिस्टार्ट तेवढा करावा लागतो.

ज्यांनी मेसेजप्रमाणे केलंय त्यांनी विंडोजच्या यादीतून पायथनहोम आणि पायथनपाथ आजच काढा. पाथ कापला गेला असेल आणि त्याआधी उघडलेली कमांड प्रॉम्प्टची खिडकी अजून चालू असेल, तर ती बंद करू नका. जुना पाथ त्या खिडकीत अजून शाबूत आहे, तो आधी नोटपॅडमध्ये उतरवून घ्या.