खुलासा : रशियातल्या गव्हर्नरांच्या निवडणुकांबद्दल

‘रशियात गव्हर्नर निवडून येतच नाहीत, आपल्या राज्यपालांसारखे ते थेट पुतिन नेमतात’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

या मेसेजला जुना आधार आहे. बेस्लान या रशियन शहरातल्या शाळेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, 2004 च्या अखेरीस, थेट निवडणुका खरोखरच बंद झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवत आणि प्रांताची विधानसभा त्यावर शिक्का मारी. पण 2012 च्या कायद्याने मतदान परत आलं. आता बहुतेक प्रांतांत सप्टेंबरमध्ये लोक मत देतात. दागेस्तानसारख्या काही ठिकाणी मात्र विधानसभाच गव्हर्नर निवडते.

म्हणून सगळं मोकळं आहे, असंही कुणी समजू नये. उमेदवाराला आधी स्थानिक संस्थांच्या ठरावीक सदस्यांच्या सह्या लागतात, आणि विरोधकांची नावं बऱ्याचदा तिथेच गळतात. राष्ट्राध्यक्ष गव्हर्नरला काढून हंगामी माणूस बसवू शकतात.

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या खाबारोव्स्क प्रांताचं उदाहरण पाहा. 2018 मध्ये तिथे सत्ताधारी पक्षाच्या गव्हर्नरला हरवून सेर्गेई फुर्गाल जवळपास 70 टक्के मतांनी निवडून आले. हा निकाल जाहीर नोंदीत आहे, आणि नेमणूकच होत असती तर तो लागलाच नसता. जुलै 2020 मध्ये त्यांना अटक झाली, पुतिन यांनी दुसरा माणूस बसवला, आणि लोक कित्येक आठवडे रस्त्यावर उतरत राहिले. आपलं मत हिरावलं गेलं म्हणून चिडलेली माणसं होती ती. ‘तिथे निवडणूकच नसते’ म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.