‘एक वाचक’ यांना उत्तर : फ्रिज, टिन आणि गाजरगवताचं बी

गाजरगवताचं बी थंड, साध्या आणि गरम जागी डब्यांत ठेवून मग पेरलं तर किती उगवतं, या माझ्या प्रयोगाच्या लेखावर ‘एक वाचक’ या नावाने कमेंट आली आहे. थोडक्यात म्हणणं असं : कंट्रोल (म्हणजे तुलनेसाठी साध्या हालतीत ठेवलेलं बी) नाही, डब्यातला ओलावा मोजला नाही, एका झाडाला लाखभर बिया हे चूक, आणि शेवटी, “गुगल वाचून कोणी शास्त्रज्ञ होत नाही, साठवणीचं तापमान आणि उगवणीचं तापमान वेगळं असतं एवढं तरी शिकून घ्या.”

लाखभर लिहिलं ते जास्तच झालं, मान्य. साधारण १५ ते २५ हजार धरतात, लेखात दुरुस्त केलंय. आभार.

आता ते गुगलचं. साहेब, चूक दाखवायला कोणाची ना नाही, पण ही काय बोलायची पद्धत झाली? काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा होता, हे गवत उपटता उपटता माझ्या बाबांच्या हाताची चामडी फाटायची, रात्रभर खाजवत बसायचे, आई खोबरेल तेल लावून द्यायची. तेव्हा गुगल कुठं होतं? मी शाळेतून आलो की पायजम्याला ती बारीक काळी बियं चिकटलेली असायची. तुम्ही हे गवत हातात तरी धरलंय का हो कधी, की एसीत बसून मार्क देऊन राहिले?

आणि दोन तापमानं वेगळी असतात हेच तर मी लिहिलंय, वाचलं असतं तर दिसलं असतं. उगवायला ओल लागते, आणि साधारण २२ ते २५ अंशाच्या आसपास हे बी सगळ्यात जोरात निघतं, तसं थोडं थंड किंवा गरम असलं तरी त्याला चालतं. साठवण म्हणजे कोरडं बी पडून राहणं, त्यात ते हळूहळू म्हातारं होतं, आणि जितकं गरम तितकं लवकर. बियाणेवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, हॅरिंग्टन नावाच्या बियाणे-शास्त्रज्ञाचा, तापमान ५ अंशांनी कमी केलं की बियाचं आयुष्य जवळपास दुप्पट. (दुसरा अर्धा ठोकताळा ओलाव्याचा, १ टक्का कमी तर दुप्पट, तो तुम्ही काढालच म्हणून मीच सांगून टाकतो.)

म्हणूनच तीन डब्या ठेवल्या होत्या ना बापा. एक फ्रिजमध्ये, एक बेडरूमच्या कपाटात, एक गच्चीवरच्या टिनाच्या शेडखाली, मार्च ते जून. नागपूरचा मे, बाहेरच ४५, टिनाखाली हात लावला तर चटका. जुलैत तिन्ही एकाच मातीत, एकाच दिवशी पेरल्या. फ्रिजमधलं दाट आलं, कपाटातलं त्याच्या खालोखाल, टिनाखालचं तुरळक. कपाटातली डबी म्हणजे कंट्रोल नाही तर काय, लोणच्याची बरणी?

ताजं बी धुतल्याशिवाय पेरलं तर खोटा निकाल येतो, कारण त्याच्या टरफलातली उगवण रोखणारी द्रव्यं पावसाने धुऊन जावी लागतात, म्हणून तिन्ही नळाखाली धुऊन मग पेरली. हे कोणत्या गुगलने शिकवलं? बांधावर शिकलो. पहिला पाऊस पडला की काही निघत नाही, दोन-चार सरींनी सगळं हिरवं.

उन्हात माती तापली की बी मरतं, मग उपटायची गरज नाही, असं मात्र मी कुठंच म्हटलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलं. टिनाखालची डबी आणि जमीन एक नाही. मातीत खाली गाडलेलं बी वरच्यापेक्षा जास्त वर्षं टिकतं, म्हणून फुलं यायच्या आधी उपटा हाच सल्ला लेखात होता, आहे.

ओलाव्याचं राहिलं. डब्या घट्ट होत्या, बस. मार्चमध्ये परत ठेवतोय, या वेळी आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. बघायला यायचं असेल तर या, चहा पाजतो, पण नाव सांगून या.