हात सुजला, आणि नाव फिश्चुल्याचं

डायलिसिसच्या पेशंटांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: फिश्चुल्यामुळे (डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट) छातीतली मोठी शीर बंद पडते आणि हात सुजतो, म्हणून मानेच्या शिरेतून डायलिसिससाठी घातलेली नळीच बरी. शीर बंद झालीच तर रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्या, नाहीतर स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून कायमचे मोकळे व्हा. तेही नको असेल तर फिश्चुला बांधून बंद करून टाका.

नळी बरी, हे साफ उलटं आहे. नळी शिरेच्या आतल्या भिंतीला घासत राहते, भिंत जाड होते, आकसते. नळी काढली तरी हे आकसणं राहतं. तेव्हा त्रास होत नाही, कारण हातातून परतणारं रक्त थोडं असतं आणि बाजूच्या शिरा ते वाहून नेतात. पुढे त्याच बाजूला फिश्चुला होतो, मिनिटाला 600 मिलीलिटरपासून लिटरभर किंवा जास्तच रक्त त्या अरुंद जागेवर येऊन धडकतं आणि हात फुगतो. नाव मात्र फिश्चुल्याचं होतं. 1991 मधल्या एका अभ्यासात नळी बसवलेल्या शिरांचे फोटो काढून पाहिले होते: कॉलरबोनखालच्या 50 शिरांपैकी 42 टक्के आकसलेल्या, मानेतल्या 50 पैकी 10 टक्के. म्हणून आता कॉलरबोनखाली नळी टाळतात आणि उजव्या मानेची शीर आधी निवडतात.

फिश्चुला अगदीच निर्दोष आहे असंही नाही. जोराच्या प्रवाहानेही भिंत जाड होते, आणि कधीच नळी न लागलेल्यांनाही हा अडथळा होऊ शकतो. पेसमेकरच्या तारांनीही होतो. दम लागलेल्या अवस्थेत थेट इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला नळी टाळता येत नाही, हेही खरं. पण ‘लागली म्हणून घातली’ आणि ‘बरी म्हणून ठेवली’ यात फरक आहे.

गोळ्यांचं थोडक्यात: हा अडथळा बहुतेक वेळा जाड झालेल्या भिंतीचा असतो, ती रक्त पातळ केल्याने विरघळत नाही. ताजी गुठळी असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टर ठरवतील.

आता ‘कायमचे मोकळे’. पहिला उपाय सहसा बलूनचा असतो, म्हणजे शिरेत फुगा फुगवून ती रुंद करायची. त्याने शीर उघडते, पण पुन्हा आकसते आणि काही महिन्यांनी परत जावं लागतं. स्टेंटच्या जाळीतूनही ऊतक आत वाढतं. आच्छादित (जाळीवर आवरण असलेले) स्टेंट बरे ठरतात, तरी कायमचे नाहीत. शिवाय चुकीच्या जागी बसलेला स्टेंट मानेतल्या शिरेचं तोंड अडवतो, म्हणजे पुढे गरज पडली तर नळीचीही वाट बंद. त्यामुळे बलूननंतर शीर लगेच मिटत असेल किंवा थोड्याच काळात पुन्हा आकसत असेल, तेव्हाच सहसा स्टेंटचा विचार होतो.

फोटोत अडथळा दिसला, पण सूज नाही, डायलिसिस नीट चाललंय, तर? हात लावू नये. 2006 च्या एका अभ्यासात अशा न छेडलेल्या अडथळ्यांपैकी एकानेही पुढे त्रास दिला नाही, उलट बलून केलेल्यांपैकी काही झपाट्याने आकसले. 2019 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही लक्षणं नसताना उपचार करू नका असंच सांगतात. लक्षणं म्हणजे हात किंवा चेहरा सुजणं, खांद्या-छातीवर शिरा उठून दिसणं, सुई काढल्यावर रक्त बराच वेळ न थांबणं, मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जातानाचा दाब) चढत जाणं.

फिश्चुला बांधला की सूज उतरते, हे खरंच. पण मग आठवड्यातून तीनदा सुई टोचायची कुठे? प्रवाह फार जास्त असेल तर तो शस्त्रक्रियेने कमी करता येतो, हे आधी सर्जनला विचारा. बांधणं हा अगदी शेवटचा पर्याय.