हरलेल्या तिरंदाजाला रुसू तरी द्या

आज आमच्या फिल्म क्लबात तिबेटी दिग्दर्शक पेमा त्सेदेनचा 'द सेक्रेड ॲरो' दाखवला, २०१४ चा. संपतो न संपतो तोच एक गृहस्थ उठले. "तिबेटचा सिनेमा आणि चीनबद्दल चकार शब्द नाही? मग उपयोग काय?" अर्ध्या सभागृहानं माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

अहो, तिबेटच्या ईशान्येकडच्या आम्दो भागातली दोन गावं, तिरंदाजीची जुनी चुरस. द्रादोन हरतो, आणि जिंकतो तो न्यिमा, ज्याच्यावर द्रादोनच्याच बहिणीचा जीव जडलाय! एवढं पुरत नाही तुम्हाला?

नागपूरच्या हिवाळी स्वेटरबाजारात एक तिबेटी मावशी बसायच्या, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतल्या. एका गिऱ्हाइकानं गळा काढला, "किती सोसलंत हो तुम्ही!" मावशींचं लक्षच नव्हतं. त्यांचं पोरगं फुटबॉलची मॅच हरून जेवायचं थांबलं होतं. रेफ्री कसा चोर होता, हे त्या मोज्यांची जोडी हवेत नाचवत मला सांगत होत्या. द्रादोनचं धुमसणं पाहताना मला तेच पोरगं दिसत होतं.

आणि त्या धनुष्याला केवढा इतिहास आहे! नवव्या शतकात बौद्ध धर्माचा छळ करणाऱ्या लांगदार्मा राजाला ल्हालुंग पेल्गी दोर्जे या भिक्खूनं बाण मारला, अशी परंपरेची कथा. धनुष्य लपवलं होतं नाचाच्या झग्याच्या रुंद बाह्यांत. कोळशानं काळा केलेला घोडा नदीत उतरला नि पांढरा होऊन पलीकडे निघाला! हे रक्तात घेऊन वाढलेला पोरगा हरला तर रुसणारच ना?

काही दृश्यं पर्यटनाच्या जाहिरातीसारखी गुळगुळीत आहेत, मान्य. पण चीनमध्ये राहून, सेन्सॉरच्या नाकाखाली, तिबेटी भाषेत पेमा त्सेदेन सिनेमे काढत राहिला. २०२३ च्या मे महिन्यात गेला, अवघ्या ५३ व्या वर्षी. हे लिहिताना राग ओसरला, नुसतं वाईट वाटतंय.

त्या मावशींना आपण फक्त दुःखच विचारायचं का? पोराची मॅच कधीच नाही?

पुढच्या वेळी क्लबनं त्याचाच 'थार्लो' लावावा, मी मागे लागणार आहे. माओचं भाषण तोंडपाठ असलेला एक मेंढपाळ, आणि त्याला ओळखपत्र काढायला लावणारं सरकार. त्या गृहस्थांनी जरूर यावं, मी त्यांच्या शेजारी बसेन.