जुनी ईपीएबीएक्स फेकू नका भो
आपल्या दाणा बाजाराच्या ग्रुपवर फिरतंय ना, की तांब्याची लाईन काढून फायबर घेतलं की दुकानातली जुनी ईपीएबीएक्स (बाहेरची लाईन आतल्या फोनांना वाटणारी पेटी) भंगारात, आणि सगळे नवीन आयपी फोनच (इंटरनेटवर चालणारे) घ्यावे लागतात, ते काही खरं नाही. फायबरच्या मोडेमला मागे साध्या फोनचा पोर्ट असतो, त्यातून वायर काढून ईपीएबीएक्सच्या ट्रंक लाईनला, म्हणजे बाहेरची लाईन लागते तिथे, जोडली की गोडाऊनपर्यंतची इंटरकॉम आहे तशी चालते, फोनही तेच. चार-पाच लाईन असतील तर मात्र गेटवे लागतो, तो फायबरवरच्या लाईनी साध्या फोनच्या वायरवर देणारा छोटा डबाच असतो.

पण एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कोणी लिहिलीच नाही. तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे म्हणून लाईट गेली तरी साधा फोन वाजायचा, फायबरवर मोडेम बंद म्हणजे फोन मुका, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचं काय असतं ते सांगायला नको, त्यामुळे आधी मोडेमला बॅटरी बॅकअप घ्या.

आणि हो, ०२५७ वाला जुना लँडलाईन नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येतो हेही चूक, पोर्टिंग फक्त मोबाईलला आहे.